पोटांत बी सांभाळणारीं भूछत्रें

पावसाळा लागला, कीं परसांतील कुजक्या लांकडावर भूछत्रें उगवतात, हें आबालवृद्धांस ठाऊक आहे. त्यांच्या छत्रीखालीं पातळ पडदे असतात. त्यांवरून धुळीहून बारीक बीजाणु उडून वाऱ्याबरोबर जातात. परंतु कांहीं जाती आपलें बी असें उघड्यावर न ठेवतां पोटांत सांभाळतात.

पफबॉल ही त्यांपैकीं एक. तिला ना छत्री, ना पडदे. नुसता पांढरा गोळा! कोंवळेपणीं आंतील गर खोबऱ्यासारखा पांढरा असतो. पिकल्यावर त्याची तपकिरी भुकटी होते व साल कागदासारखी पातळ पडते. या बीजाणूंस आपण होऊन उडण्याची शक्ति नाहीं. पण पावसाचा टपोरा थेंब आपटला, कीं गोळा भात्यासारखा दबतो व माथ्यावरील भोकांतून भुकटीचा धूर निघतो. इतर भूछत्रें ज्या पावसापासून बचावण्यास छत्री धरतात, तोच पाऊस येथें पेरणी करतो. राक्षसी पफबॉलच्या एका गोळ्यांत सुमारें ७ लक्ष कोटि बीजाणु असल्याचें बुलर या शास्त्रज्ञानें १९०९ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे.

अशा जातींपैकीं कांहीं खाद्य आहेत. झारखंडांतील सालवृक्षांच्या वनांत मिळणारे ‘रुगडा’ नांवाचे कोंवळे गोळे तेथील लोक पावसाळ्यांत आवडीनें खातात. पण ते पिढ्यान्‌पिढ्यांचे जाणकार! आपण मात्र फार जपलें पाहिजे. कारण अमॅनिटा वर्गांतील प्राणघातक भूछत्रेंहि बाल्यावस्थेंत अशींच अंड्यासारखीं पांढरीं दिसतात. गोळा उभा चिरून पाहिल्यास भेद कळतो. आंत छत्री, दांडा व पडदे यांची आकृति उमटलेली दिसली, तर तें अमॅनिटाचें पिल्लूं असण्याचा संभव आहे. गर जांभळट-काळा असला, तरीहि तो गोळा त्याज्यच. मात्र गर शुभ्र दिसला, एवढ्यावरून तो खाण्यायोग्य ठरत नाहीं. चांदीचें नाणें काळें पडतें कीं काय, ही परीक्षा तर अगदींच खोटी. तें विष शिजविल्यानेंहि नाहींसें होत नाहीं.

शिवाय त्याचा घात कळून येण्यास सहा तास वा अधिक वेळ लागतो. मग वांत्या-जुलाब होतात; पुढें थोडा आराम वाटतो, पण आंतून यकृत नासत असतें. म्हणून मुलानें रानांतलें भूछत्र खाल्ल्याचें समजतांच, लक्षणांची वाट न पाहतां त्यास रुग्णालयांत न्यावें आणि उरलेला तुकडा सोबत घ्यावा. मुलांनीं हीं नवलें डोळ्यांनीं अवश्य पाहावींत. जिभेनें मात्र नव्हे.