बाजाराचे नियमन आणि खरेदीदारांची चढाओढ

पुण्याच्या शनिवार पेठेत, शनिवारवाड्यासमोरील पटांगणात, एके काळी भाजीबाजार उघड्यावर भरत असे. १८८६ साली शुक्रवार पेठेत त्यासाठी रे मार्केटची इमारत उभी राहिली. तीच आजची महात्मा फुले मंडई होय. पुढे घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. बाजाराची जागा बदलली. परंतु माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न तोच राहिला. आपल्या मालासाठी खरोखर चढाओढ करणारे खरेदीदार किती, हा तो प्रश्न होय.

पूर्वी अनेक बाजारपेठांत दलाल व व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्यास भाव कळत नसे. धर्मादाय, कडता अशा नावांनी होणारी कपात निराळीच. या अनिष्ट प्रथांना आळा घालण्यासाठी मुंबई प्रांतात १९३९ चा व महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समिती कायदा झाला. उघड लिलाव, अचूक वजन, परवानाधारक व्यापारी आणि त्याच दिवशी पैशांची चुकती ही त्याची मुख्य सूत्रे होत. त्यांचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

तथापि नियमित मालाची विक्री समितीच्या बाजारातच व परवानाधारकांमार्फतच व्हावी, असे बंधन दीर्घकाळ राहिले. जेथे परवाने मोजक्यांच्याच हाती राहतात व ते आपसांत भाव ठरवितात, तेथे कुंपणानेच शेत खाण्याचा प्रसंग ओढवतो. समजा, एका शेतकऱ्याने ४० क्विंटल कांदा आणला आणि बोली लावणारे थोडे असल्याने किलोमागे एक रुपया कमी मिळाला, तर ४,००० रुपयांचे नुकसान होते. हे नुकसान हिशेबपट्टीत कोठेही दिसत नाही.

यावर उपाय म्हणून राज्याने २००६ साली खाजगी बाजार व थेट खरेदीस वाट दिली. २०१६ साली आवाराबाहेरील फळे व भाजीपाल्याचा व्यापार नियमनमुक्त केला आणि अडतीचा भार शेतकऱ्यावरून खरेदीदारावर टाकला. ही पावले योग्य होत. परंतु नियमन उठविले म्हणजे स्पर्धा आपोआप येते, हा समज बरोबर नाही. बिहारने २००६ साली बाजार समिती कायदाच रद्द केला; तेवढ्याने तेथे गावोगावी नवे बाजार उभे राहिले नाहीत. सबब खरेदीदार वाढविणारे आणि त्यांचे संगनमत रोखणारे नियमनच शेतकऱ्याच्या हिताचे होय. संगनमताने बोली लावण्यास स्पर्धा अधिनियम, २००२ नेही मनाई केली आहे.

कायद्याचे बळ अखेर शेतकऱ्याच्या जागरूकतेवर अवलंबून असते. शेतकऱ्यांनी प्रतवारी करून माल न्यावा, लिलावाच्या वेळी स्वतः हजर राहावे, बोली लावणारे मोजावेत आणि हिशेबपट्टी घेतल्याविना परतू नये. शक्य तेथे उत्पादक गटामार्फत माल एकत्र विकावा. मोठ्या व एकसारख्या मालास दूरचे खरेदीदारही येतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जवळच्या दोन-तीन बाजारांचे भाव चावडीवरील फळ्यावर नित्य लिहावेत. ज्यास दुसऱ्या बाजाराचा भाव ठाऊक आहे, त्यास पहिल्याच बोलीस मान तुकवावी लागत नाही.