परसातलं लिंबू फळत नाही? आधी पाणी तोडा

झाड हिरवंगार, पण लिंबू एक नाही? लगेच टॉनिकची बाटली आणू नका, कुऱ्हाडही लावू नका. माझं मत स्पष्ट आहे: झाड लाडावलंय. मोरीचं पाणी रोज मिळालं की ते नुसता पाला वाढवतं. ताण बसल्याशिवाय बहार नीट फुटत नाही.

डिसेंबरात मोरीचं पाणी दुसरीकडे वळवा. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर, भारीत दीड महिना. पानं मलूल होऊन थोडी गळली की ताण तोडा: कुजलेलं शेणखत द्या, आधी हलकं पाणी, मग नेहमीचं. सरळ वाढलेले पानसोट बुडातून काढा.

बियांपासून आलेलं झाड चार-पाच वर्षांचं होईपर्यंत मात्र धीर धरा, त्याला ताण देऊ नका.

एक बहार एवढं करून बघा, मगच बाटलीचा विचार करा.