पहिलं नाव, आडनाव आणि बांगड्यांचं बिल

२०२५ मध्ये पाडवा आणि ईद पाठोपाठ आले. ३० मार्चला पाडवा, ३१ ला ईद. त्यामुळे आदल्या दोन-तीन दिवसांत बीडच्या सुभाष रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. एका हातगाडीवर साखरेच्या गाठी लटकलेल्या, तिला खेटून दुसरीवर शेवया, खारका आणि चारोळीचे ढीग. उन्हानं जीव नकोसा झालेला, त्यात माझा रोजा. बायकोचं मात्र एकच पालुपद, "अजून चपला राहिल्या."

थोरली पुण्याहून ईदसाठी आली होती. तिच्या बांगड्या आणि ड्रेस घेतला. बिल करणाऱ्या पोरानं विचारलं, "नाव काय लिहू?" मी तोंड उघडणार तेवढ्यात थोरली म्हणाली, "एस. पटेल लिहा."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. आजीनं हौसेनं ठेवलेलं तिचं नाव चांगलं तीन अक्षरी आहे. आणि हे बीड आहे. या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानदारांना तिच्या आजोबांचं नाव माहीत आहे. इथं कोणापासून लपवायचं?

रस्त्यात विचारलं तर हसून म्हणाली, "आदत हो गई अब्बा. पुणे में पूरा नाम बताया तो कमरा नक्को हो जाता." मग तिनं सांगितलं. खोली शोधताना तीन ठिकाणी फोन केले. एस. पटेल म्हटलं की खोली रिकामी असायची. आधार कार्ड दाखवलं की "आम्ही फॅमिलीलाच देतो" व्हायचं. चौथ्या ठिकाणी मैत्रिणीच्या नावावर खोली मिळाली. ही गोष्ट तिनं आम्हाला सहा महिने सांगितली नव्हती.

मला राग आला. पण तो कोणाचा, ते पटकन कळेना.

योगायोग बघा, याच काळात आमच्या बीड जिल्ह्यात नावांचीच चर्चा चालू होती. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि जिल्हा जातीजातींत किती फाटलाय, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. कोणता साहेब कोणाचा, हे लोक आडनावावरून ठरवायला लागले. तेव्हा पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांनी एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारावी असं ठरवलं. टेबलांवर फक्त पहिल्या नावाच्या पाट्या लागल्या. मला ही कल्पना मनापासून आवडली. तक्रार घेऊन आलेल्या माणसानं समोरच्या साहेबाची जात वाचण्याआधी आपली तक्रार सांगावी, एवढं जरी झालं तरी खूप आहे.

पण स्टाफरूममध्ये बातमी वाचताना आम्ही दोघं-तिघं एकमेकांकडं बघून हसलो. आमचं गणित उलटं आहे ना! हिंदू बांधवांचं आडनाव काढलं की जात झाकते. आमचं आडनाव काढलं की राहतं ते सलीम, आणि सलीममध्ये सगळं येतं. उलट मराठवाड्यातल्या मुसलमानांची आडनावं बघा. पटेल, देशमुख, इनामदार. नुसतं आडनाव वाचून कोणी सांगावं, हा माणूस पाडव्याला गुढी उभारतो की ईदगाहवर जातो? थोरलीनं हेच ओळखलं होतं. पोलीस आडनाव झाकतात, माझी मुलगी पहिलं नाव झाकते. रोग एकच आहे, फक्त मलम लावायची जागा वेगळी.

आता थोडं आपल्या घरातलंही बोलू. आमच्यात धंद्यावरून पडलेली आडनावंही आहेत. अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, मोमीन. इस्लाममध्ये जात नाही असं आम्ही व्यासपीठावर ठणकावून सांगतो आणि मुलीला स्थळ आलं की पहिला प्रश्न विचारतो, "बिरादरी कौनसी?" हे दुखणं शेजारच्या जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी ओळखलं आणि मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. तेव्हा त्यांच्यासोबत गावोगावच्या सभांना कोण उभं राहिलं? दिलीपकुमार. म्हणजे युसूफ खान. ज्या माणसाला पडद्यावर यायला दुसरं नाव घ्यावं लागलं, तोच पुढं बागवान-तांबोळ्यांच्या हक्कासाठी बोलायला आला. म्हणून पुण्यातल्या घरमालकावर रागावण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारला. उद्या थोरलीसाठी एखादं चांगलं स्थळ दुसऱ्या बिरादरीतून आलं, तर मी कार्ड बघेन की मुलगा? उत्तर लगेच आलं नाही, हे कबूल करतो.

बाजाराचंही तसंच आहे. फेब्रुवारीत आपल्या शेजारच्याच पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत, असा ठराव केला. मार्चमध्ये मंत्री नितेश राणे यांनी हिंदू मटण दुकानदारांसाठी मल्हार सर्टिफिकेट आणलं. आणि रमजानमध्ये माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर काय आलं? "ईद की खरीदारी सिर्फ अपनों की दुकान से." खाली दुकानांची यादी. पाठवणारा माझाच जुना विद्यार्थी. त्याला वाटलं, हे उत्तर आहे. मी त्याला लिहिलं, बेटा, हे उत्तर नाही, ही नक्कल आहे.

मणियार लग्नघरी जाऊन नवरीच्या हातात हिरवा चुडा भरतो. त्यानं "अपनेच" गिऱ्हाईक धरायचं ठरवलं तर महिन्याभरात दुकानाला कुलूप लागेल. आमच्या शीरखुर्म्याला लागणारं दूध गेवराईच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातलं असतं. आम्ही संख्येनं थोडे. बहिष्काराचा खेळ सुरू झाला तर तो आधी आम्हालाच खाईल. हा झाला हिशेबाचा मुद्दा. पण समजा नुकसान झालं नसतं, तरी ते चूकच होतं. मालाचा भाव आणि दर्जा विचारावा. दुकानदाराचं नाव उधारीच्या वहीपुरतं पुरे.

आमच्या अब्बांकडं कॅसेटचा एक टेपरेकॉर्डर होता. त्यावर मोहम्मद रफी मराठी गायचे. पंजाबात जन्मलेला हा माणूस, आणि चाली श्रीकांत ठाकरेंच्या. कॅसेटवर दोन्ही नावं शेजारी-शेजारी, पूर्ण. कोणी एस. रफी म्हणून छापलं नव्हतं. अब्बांचे दुसरे लाडके बार्शीचे शाहीर अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आईच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेला हा शाहीर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गायला उभा राहिला की मैदान हलायचं. त्यांनी अमर नाव घेतलं, पण शेख ठेवलं. आणि महाराष्ट्र मागणाऱ्या त्या गर्दीतल्या माणसांनी हा आवाज आपला मानला. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. दंगली तेव्हाही होत होत्या. पण मुसलमान नाव सांगून मराठीपण सांगता येत होतं, एवढं नक्की.

आजही येतं, असं सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिलला सांगितलं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं. एका माजी नगरसेविकेला ते खटकलं आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. न्यायमूर्ती धुलिया आणि न्यायमूर्ती विनोद चंद्रन यांनी पाटी राहू दिली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि उर्दू इथल्याच मातीत जन्मलेली आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी दोन्ही भाषा शिकवतो. हजेरीपटावर एकच नाव उजवीकडून लिहितो, तसं डावीकडूनही लिहितो. मुलगा तोच असतो. एवढी साधी गोष्ट कोर्टाला सांगावी लागली याचं वाईट वाटलं. सांगितली याचा आनंदही झाला.

पण पाटीचा निकाल लागला म्हणून माणसाचा लागत नाही. ३० मार्चच्या पहाटे, म्हणजे पाडव्याच्या दिवशी, आमच्याच गेवराई तालुक्यातल्या अर्धमसल्याच्या मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांनी स्फोट घडवला गेला. कोणी जखमी झालं नाही, अल्लाहचे आभार. पोलिसांनी दोघांना लगेच पकडलं. त्या सकाळी थोरलीच्या बांगड्या टेबलावर होत्या आणि घरात सगळे मोबाइल घेऊन बसलेले. माझी अम्मी एवढंच म्हणाली, "ईदगाह को जाना हैच. कपडे इस्त्री करो."

गेलो. नमाज झाली. शीरखुर्म्याचे डबे दरवर्षीसारखे शेजारी गेले. सगळे हसून भेटले, "ईद मुबारक" म्हणाले. पण त्या विषयावर एक अक्षर कोणी काढलं नाही. त्यांनीही नाही, मीही नाही. त्यांना वाटलं असेल, सणाच्या दिवशी कशाला. मला वाटलं, आपण काढला तर तक्रार वाटेल. फक्त शाळेतल्या एका सहकारी बाईंचा दुपारी फोन आला, "सर, बातमी वाचली. घरी सगळे ठीक आहेत ना?" अर्ध्या मिनिटाचा फोन. पण त्या दिवशीचा शीरखुर्मा मला त्यानंतर गोड लागला. हे वाचणाऱ्या हिंदू मित्रांना एवढंच सांगायचं आहे. मोर्चे काढा, निषेधाची पत्रकं काढा असं आमचं म्हणणं नसतं. तो अर्ध्या मिनिटाचा फोन करत जा. आम्हीही करत जाऊ. मस्साजोगच्या वेळी आमच्यापैकी किती जणांनी केला होता, तेही आठवू.

परत जाताना एसटी स्टँडवर मी थोरलीला म्हटलं, "पुढच्या वेळी पूरा नाम बता. नाही दिली खोली तर मी येतो पुण्याला." ती म्हणाली, "आप आकर क्या करोगे अब्बा?" तेवढ्यात गाडी लागली, म्हणून माझी सुटका झाली.

नंतर विचार केला आणि पोरीचं म्हणणं पटलं. एकवीस वर्षांच्या मुलीला धाडस कर म्हणून सांगणं सोपं आहे. तिला परीक्षा द्यायची आहे, रात्री कुठंतरी झोपायचं आहे. धाडस घरमालकानं करायला हवं. त्यानं आधार कार्ड बघावं, पोलिसांत नोंद करावी, डिपॉझिट घ्यावं आणि किल्ली द्यावी. यात काय मोठी मर्दुमकी आहे? पण तेवढंही होत नाही, म्हणून एका मुलीला नाव आखडून घ्यावं लागतं.

बांगड्यांचं ते बिल अजून माझ्या पाकिटात आहे. एस. पटेल, रुपये चारशे ऐंशी. त्यात खोटं काहीच नाही. एसही खरा, पटेलही खरा. तरी पाकीट उघडलं की ते मला खोटंच वाटतं.