आरोग्याची तिजोरी एकच हवी, पण किल्लीचं काय?

आरोग्य-हक्काच्या बैठकांमधून एक मागणी पुन्हा पुन्हा मांडली जाते. सगळ्यांच्या उपचाराचा खर्च कराच्या पैशातून, एकाच सार्वजनिक निधीतून व्हावा. दवाखाना सरकारी असो वा खासगी, बिल त्या निधीकडे जावं आणि आजारी माणसाकडे कुणी पैसे मागू नयेत. इंग्रजीत याला 'सिंगल पेयर' म्हणतात. मराठीत सोयीचा शब्द नाही, म्हणून मी आपली 'एकच तिजोरी' म्हणते. आमच्या वस्तीतल्या बैठकीत हे समजावून सांगितलं तेव्हा एक मैत्रीण पटकन म्हणाली, "म्हणजे ते पाच लाखांचं कार्डच की!" ही गल्लत तिची एकटीची नाही. मोठमोठ्या व्यासपीठांवरूनही तीच केली जाते, आणि तिच्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बायकांचं.

कार्ड म्हणजे विम्याच्या धर्तीची योजना. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत. आपल्या राज्यात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने चालू राहिली आणि २०२३ साली ती सगळ्यांसाठी खुली करण्याचा निर्णय झाला. मोठ्या ऑपरेशनच्या वेळी या योजनांनी कित्येक घरं कर्जातून वाचवली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कार्ड चालतं ते मुख्यतः खाटेवर पडल्यावर. ठरलेल्या यादीतलं ऑपरेशन असेल, ठरलेलं हॉस्पिटल असेल, तर.

आता आपण बायका आजारी कशाने असतो ते बघा. १९८९ साली डॉ. राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांच्या ६५० बायकांची तपासणी प्रसिद्ध केली. शंभरातल्या ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ जणी होत्या. त्या अभ्यासाला तीन दशकं उलटून गेली, पण अंगावरून पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, पाळीत अतोनात रक्त जाणं, रक्त कमी म्हणून चक्कर येणं, ही यादी आमच्या शिबिरांत आजही तशीच्या तशी ऐकू येते. यातलं बहुतेक दुखणं खाटेवर पडण्याआधी, साध्या तपासणीने आणि गोळ्यांनी आटोक्यात येणारं आहे. त्यासाठी कार्ड नाही. त्यासाठी लागते उपकेंद्रात हजर असलेली नर्सबाई, आडोसा असलेली तपासणीची खोली, आणि 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी न देणारा औषधांचा काउंटर.

दारात पैसे मागितले की घरातल्या आजारांची रांग लागते. त्या रांगेत आधी कमावता पुरुष, मग मुलगा, मग म्हातारे सासरे, आणि सगळ्यांच्या शेवटी बाई. ती स्वतःच म्हणते, "होईल बरं, पाळीचंच आहे." हा तिचा सोशिक स्वभाव म्हणून कौतुकाने सांगितला जातो, तेव्हा मला चीड येते. तिच्या हातात पैसे नाहीत, एवढाच त्या स्वभावाचा अर्थ. २०२१-२२ च्या सरकारी हिशोबाप्रमाणे देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांपैकी ३९ रुपये अजून घरच्यांच्या खिशातून जातात. हे प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरलं आहे, पण ते ३९ रुपये कुणाच्या दुखण्यावर गेले, हे त्या हिशोबात लिहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, खाटेवर पडल्यावरच पैसे मिळणार असतील तर खाटेवर पाडण्याची घाई होते. २०१२ साली बिहार आणि छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावर गरज नसताना बायकांच्या पिशव्या काढल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ साली न्यायालयाने अशा ऑपरेशनांवर देखरेख ठेवण्याचे आदेश राज्यांना दिले. बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. तिथे मागे मुकादमाची उचल, खाडा झाला की दंड आणि खासगी दवाखाना असं सगळं जाळं होतं, सगळाच दोष कार्डावर टाकता येणार नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच होती. जिला महिनाभराच्या गोळ्या आणि विश्रांती मिळायला हवी होती, तिला मिळालं ते ऑपरेशन.

आणि कार्ड कुणाच्या नावावर? राष्ट्रीय स्वास्थ्य विम्यात एका कार्डावर पाचच जणांची नावं बसत. नावं ठरवताना कुणाचं गळत असेल, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको. पाचाची अट पुढे गेली, पण हिशोब 'कुटुंबा'चाच राहिला. ईएसआयमध्ये बायको येते ती कामगाराची अवलंबित म्हणून. ज्या बाईला नवऱ्याने टाकलं, तिचं नाव सासरच्या रेशनकार्डावर असतं, ती राहते माहेरी किंवा भाड्याच्या खोलीत, आणि योजनेच्या खिडकीवर तिला कागद आणायला परत पाठवतात. परित्यक्तांच्या चळवळीने स्वतंत्र रेशनकार्ड मागितलं ते काही नुसत्या गहू-तांदळासाठी नव्हतं. एकच तिजोरी मला पटते ती मुख्यतः इथे. तिच्यात बाई कुणाची कोण, हे विचारायचं कारणच उरत नाही. ती इथे राहते, आजारी आहे, एवढं पुरतं.

हे आपल्याकडे कुणी सुचवलंच नव्हतं असंही नाही. १९४६ साली भोर समितीने सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये. २०११ साली डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने नियोजन आयोगाला सांगितलं की खर्च मुख्यतः करातून करा, रुग्णाकडून शुल्क घेऊ नका, सेवा विकत घेण्यासाठी विमा कंपन्यांना मध्ये आणू नका, आणि बराचसा पैसा प्राथमिक सेवेवर घाला. अहवाल कपाटात गेला आणि कार्डं वाटली गेली. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचं वचन दिलं होतं. २०२१-२२ मध्ये, म्हणजे करोनाच्या काळातही, तो दोन टक्क्यांच्या आतच होता.

"सरकारला परवडणार नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर जास्त शाई खर्च करत नाही. थायलंडने २००२ साली सर्वांसाठी योजना सुरू केली तेव्हा तो काही श्रीमंत देश नव्हता.

डॉक्टरांचा विरोध मात्र खरा आहे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात १९६२ साली सरकारी वैद्यकीय योजना सुरू झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. योजना टिकली आणि दहा वर्षांत देशभर पसरली. राजस्थानने २०२३ साली आरोग्य-हक्काचा कायदा केला. तातडीच्या वेळी आधी पैसे न मागता उपचार करा, एवढ्या गोष्टीवरून खासगी डॉक्टर सुमारे दोन आठवडे रस्त्यावर होते, आणि शेवटी पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यांना पहिल्या टप्प्यात वगळून तडजोड झाली. म्हणजे भांडण होणारच आहे. ते पूर्ण मागणीसाठी करावं.

पण माझ्याच जुन्या मैत्रिणींचा आक्षेप मला डॉक्टरांच्या संपापेक्षा जड वाटतो. त्या विचारतात, सगळी तिजोरी सरकारच्या हाती देणार? ज्या सरकारने नसबंदीची टार्गेटं दिली त्याच्या? २०१४ साली बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची नसबंदी केली आणि त्यानंतर १३ बायका मेल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगावं लागलं. गर्भपातासाठी सरकारी दवाखान्यात गेलेल्या बाईला "आधी तांबी बसवायला कबूल हो" म्हटल्याचं आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं आहे! अशा वेळी खासगीचं एक दार उघडं असणं हाच काही बायकांचा आधार होता.

हा आक्षेप खोटा नाही, आणि बाहेरचे अनुभवही त्याला दुजोरा देतात. अमेरिकेत गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतून, मेडिकेडमधून, गर्भपाताचा खर्च करायला १९७६ च्या हाइड दुरुस्तीने, थोडे अपवाद सोडून, मनाई केली, आणि १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. हक्क कागदावर होता, पैसे मात्र बंद. म्हणून तिथल्या स्त्रीवाद्यांना 'सर्वांसाठी मेडिकेअर'च्या प्रत्येक मसुद्यात आधी हाइडचं काय केलं आहे ते बघावं लागतं. कॅनडात तिजोरी आली, पण दवाखान्याबाहेरची औषधं तिच्यात नव्हती. गर्भनिरोधकं आणि मधुमेहाची औषधं देशपातळीवर मोफत देण्याची सुरुवात करणारा कायदा तिथे २०२४ साली झाला. एवढी वर्षं गोळ्यांचे पैसे बायकाच भरत होत्या.

तरीही माझं मत तिजोरीच्या बाजूने आहे. खासगीचं उघडं दार पैसेवालीसाठीच उघडं असतं, आणि पिशव्या त्याच दारातून गेल्या. पण मागणीपत्रात काही गोष्टी पहिल्या पानावर याव्यात, परिशिष्टात नकोत. हक्क व्यक्तीच्या नावावर असावा, कुटुंबाच्या नव्हे. सुरक्षित गर्भपात, गर्भनिरोधकं, पाळीच्या आणि पाळी जाण्याच्या काळातल्या तक्रारी, मारहाण झालेल्या बाईची तपासणी, हे सगळं त्यात नाव घेऊन लिहिलेलं असावं. 'आवश्यक सेवा' एवढं म्हणून भागणार नाही. कुठल्याही सेवेला दुसऱ्या सेवेची अट नको. तालुक्याच्या पातळीवर हिशोब तपासणाऱ्या समितीत गावातल्या बायका असाव्यात, आणि त्यांच्या बसभाड्याची व बुडालेल्या मजुरीची सोय असावी. नाहीतर समितीत सरपंचाची बायको बसते आणि सही सरपंच करतो.

एक मुद्दा आरोग्य-चळवळीतल्या भावांना अजून नीट उमगलेला नाही. ही सगळी सेवा गावापर्यंत पोचवते ती आशाताई. सरकारच्या लेखी ती अजून 'स्वयंसेविका' आहे, कामागणिक मोबदल्यावर. महाराष्ट्रातल्या आशा २०२३ च्या ऑक्टोबरात संपावर गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी लसीकरण अडल्याच्या बातम्या दिल्या, पण ते इतकी वर्षं कुणाच्या जिवावर चाललं होतं हे थोड्यांनीच लिहिलं. तिजोरी भरायची बाईच्या अर्धपगारी राबण्यावर आणि वर तिला मोफत आरोग्य म्हणायचं, हे चालणार नाही. आशाला कामगाराचा दर्जा आणि पूर्ण वेतन, हा एकच तिजोरीच्या मागणीचाच भाग आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालं आहे. आपल्या गटांनी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनाभर नोंद ठेवावी: किती बायकांना औषधं बाहेरून आणायला सांगितली, किती जणींची आडोशाला तपासणी झाली, नर्सबाईची किती पदं रिकामी आहेत. नोंदी हाताने लिहिलेल्या असल्या तरी चालतील. पुढच्या अंकाच्या आधी पाठवा. आणि ज्यांना तिजोरीची कल्पना मुळातच पटत नाही त्यांनीही लिहा, त्यांच्याशी मला अजून भांडायचं आहे.