हृदयाचे ठोके आणि संदर्भांची मोजदाद

हृदयविकारशास्त्रातील एखाद्या संशोधकाचा परिचय करून द्यायचा झाला, म्हणजे आजकाल तीन आकडे हटकून पुढे केले जातात. त्याचे निबंध किती प्रसिद्ध झाले, इतरांनी आपल्या लेखनात त्यांचे संदर्भ किती वेळा दिले आणि त्याचा एच-निर्देशांक किती. यांपैकी तिसरा आकडा ही होर्हे हर्श या पदार्थवैज्ञानिकाची २००५ सालची कल्पना. ज्याच्या ४० निबंधांना प्रत्येकी निदान ४० संदर्भ लाभले, त्याचा निर्देशांक ४०. निबंध वाचून स्वतःचे मत बनविण्याचे कष्ट या अंकगणितामुळे वाचतात, आणि निवड समित्यांना ते प्रिय व्हावे यात नवल नाही.

हे आकडे अगदीच निरर्थक आहेत, असे आमचे म्हणणे नाही. हृदयाचे वरचे कप्पे ठेक्यात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, त्या विकाराचा उगम पुष्कळदा फुफ्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या मुखाशी असतो, हे फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल आइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले. अभ्यासलेले रुग्ण अवघे ४५. पण या विकारावरील उपचारांची दिशाच त्या निबंधाने बदलली. त्याला हजारो संदर्भ लाभले, ते सर्वथा योग्यच झाले.

पण मग जॉर्ज माइन्सची गणना कशी करायची? विद्युत्-लहर एकाच वर्तुळात पुनःपुन्हा फिरत राहिली तर ठोके बेफाम होतात, हे या तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१३-१४ मध्ये प्रयोगांनिशी मांडले. १९१४ सालीच, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, माँट्रिअल येथे त्याचा अंत झाला. कप्प्यांना जोडणाऱ्या एखाद्या जादा स्नायुतंतूमधूनही अशी लहर फिरू शकेल, हा त्याचा तर्क रुग्णांच्या बाबतीत पडताळला गेला तो अर्धशतकानंतर. १९६८ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात असा तंतू शस्त्रक्रियेने छेदण्यात आला. बढतीसाठी पाच वर्षांचे संदर्भ मोजणाऱ्या समितीपुढे माइन्स उभा राहिला असता, तर त्याची काय संभावना झाली असती, याची कल्पना करणे कठीण नाही.

तथापि, उपेक्षित प्रतिभेची हळहळ हा येथे मुख्य मुद्दा नाही. मुद्दा माणसांच्या जिवाचा आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या हृदयात मधूनच जादा ठोके पडू लागले, तर त्याला आकस्मिक मृत्यूचा धोका अधिक असतो. तेव्हा ते ठोके दडपले की जीव वाचेल, असे अनुमान १९८० च्या सुमारास सर्वमान्य झाले होते आणि औषधेही दिली जात होती. अमेरिकेत या अनुमानाची मोठी चाचणी हाती घेण्यात आली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या दोन औषधांवरील तिचा भाग १९८९ साली मध्येच थांबवावा लागला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणे औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते. औषधाचा अंशही नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ठोके आटोक्यात आले होते. माणसे मात्र अधिक मेली होती.

याची पूर्वसूचना मिळाली नव्हती काय? मिळाली होती. ब्रिटनमधील काही डॉक्टरांनी १९८० साली लॉर्केनाइड या त्याच जातीच्या औषधाची चाचणी शंभराहून कमी रुग्णांवर घेतली होती. औषध घेणाऱ्या ४८ जणांपैकी नऊ मरण पावले, इतरांपैकी एक. हा योगायोग असावा, असे त्यांना वाटले. पुढे व्यापारी कारणांनी त्या औषधाचा विकास थांबला आणि निष्कर्ष दप्तरात पडून राहिले. ते प्रसिद्ध झाले १९९३ साली, आणि वेळीच प्रसिद्ध झाले असते तर धोक्याचा इशारा ठरले असते, हे लेखकांनी स्वतःच प्रांजळपणे लिहिले. मधल्या तेरा वर्षांत या कामाला मिळालेले संदर्भ किती? शून्य. जे छापलेच गेले नाही, त्याचा निर्देश कोण करणार? उलट ठोके दडपण्याचा पुरस्कार करणाऱ्या निबंधांची खाती त्या काळात भरतच होती. एखाद्या निबंधाचे खंडन करण्यासाठी दिलेला संदर्भही त्याच्या खात्यात जमाच होतो, ही आणखी एक गंमत!

आपल्याकडे मेडिकल कौन्सिलने वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशित निबंधांची अट घातली. हेतू चांगला होता. परंतु रुग्णांच्या रांगेतून सवड काढून संख्या भरायची, तर फसलेल्या उपचाराची कथा लिहीत बसण्याची उमेद कोणाला राहील? नियतकालिकांनाही अशा मजकुराचे कौतुक कमीच असते. निबंधांची संख्या विचारण्याऐवजी उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन निबंध समितीने वाचावेत, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. भारतात औषधांच्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ सालापासून आहे आणि २००९ पासून तीत नोंद करणे सक्तीचे आहे. बढतीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: आपण नोंदविलेल्या चाचण्या किती, आणि त्यांपैकी अनुकूल असोत वा प्रतिकूल, निष्कर्ष जाहीर केलेल्या किती. उत्तर पडताळण्यास नोंदवही समोर आहेच.