घरच्या घरी इंग्रजी : भुताला काळ विचारा



व्याकरणातला काळ शिकवायला घेतला की आमच्या अभ्यासवर्गातली निम्मी मुले जांभया देऊ लागतात. गो, वेंट, गॉन दहा वेळा घोकले तरी अकराव्या वेळी 'आय डिड नॉट वेंट' ठरलेलेच. म्हणून गेल्या वर्षी मी वर्गात भुते बोलावली. युक्ती माझी नाही. ज्या देशांत 31 ऑक्टोबरला हॅलोविन पाळतात, तिथले शिक्षक त्या सुमारास भुताखेतांचे शब्द घेऊन क्रियापदांचा सराव करून घेतात. 1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, आणि त्याची आदली संध्याकाळ ती हॅलोविन. आपला तो सण नाही, पण सरावाची रीत उचलायला काय हरकत आहे? भुताची गोष्ट म्हटली की मागच्या रांगेतली पोरेही पुढे सरकतात.

पहिला शब्द गोस्ट. लिहिताना जी नंतर एच येतो, पण बोलताना तो मुका असतो. म्हणून 'घोस्ट' म्हणू नका. इंग्लंडातला पहिला छापखाना विल्यम कॅक्स्टन याने 1476 साली काढला. त्याआधी तो बरीच वर्षे समुद्रापलीकडे फ्लँडर्सच्या बाजूला राहिला होता. तिकडच्या स्पेलिंगच्या सवयीने हा एच इंग्रजीत शिरला असे अभ्यासक मानतात. म्हणजे भुताच्या शब्दातच एक भूत बसले आहे. दिसते, पण ऐकू येत नाही.

भीतीच्या गोष्टीत आडमुठी क्रियापदे भरपूर सापडतात. फ्रीझ, फ्रोझ, फ्रोझन म्हणजे थिजणे. शेक, शूक, शेकन म्हणजे थरथरणे. हाइड, हिड, हिडन म्हणजे लपणे. क्रीप, क्रेप्ट, क्रेप्ट म्हणजे चोरपावलांनी सरकणे. एका जोडीत मुले हमखास फसतात. फ्ली म्हणजे पळून जाणे, त्याचे फ्लेड. फ्लाय म्हणजे उडणे, त्याचे फ्लू. वटवाघूळ फ्लू, आपण फ्लेड! सरळ क्रियापदांना शेवटी ईडी लागते, पण ती तीन तऱ्हांनी ऐकू येते : व्हॅनिश्ट, स्क्रीम्ड, हॉन्टिड. 'व्हॅनिशेड' असे कुणी म्हणत नाही.

इतके फळ्यावर लिहून मी म्हणाले, "आता प्रत्येकाने पाच ओळींची भुताची गोष्ट लिहा." नववीतली एक मुलगी वही मिटून बसली. आठवडाभर ती वर्गाला आली नव्हती. त्या दिवशी आली तीही धाकट्या भावाला बरोबर घेऊन. म्हणाली, "बाई, मला गोष्ट बनवायची गरज नाही. आमच्या वाटेवर खरंच आहे."

"मग इंग्रजीत सांग."

"देअर इज अ गोस्ट इन द पिंपळ ट्री."

बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीला लागून तो पिंपळ आहे. त्याच झाडाला आपण बोधिवृक्ष म्हणून वंदन करतो आणि बाहेरचे लोक त्यावर मुंजा बसवतात. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण लग्नाआधी मेलेला मुलगा. मुंज कुणाची होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. भुतांनीही जात सोडलेली नाही, हे मला नेहमी गमतीचे वाटते. असो.

मी विचारले, "हॅव यू सीन इट?" हा पूर्ण वर्तमानकाळ. आजवर कधीतरी, एकदा तरी पाहिले आहे का, एवढेच त्यात विचारलेले असते. केव्हा, ते नाही. ती म्हणाली, "नो. माय फ्रेंड हॅज सीन इट लास्ट मंथ." इथे थांबलो. मराठीत 'मागच्या महिन्यात पाहिलं आहे' हे खपून जाते, इंग्रजीत नाही. लास्ट मंथ, यस्टर्डे, लास्ट नाइट असा ठरावीक वेळ आला की हॅव आणि हॅज निघून जातात आणि साधा भूतकाळ येतो : माय फ्रेंड सॉ इट लास्ट मंथ.

मैत्रीण शेजारीच होती. तिला विचारले, "व्हेन डिड यू सी इट?" ती म्हणाली, "आय डिड नॉट सॉ." वर्ग हसला, पण चूक सगळ्यांचीच आहे. भूतकाळाचे ओझे डिडने एकदा उचलले की पुढचे क्रियापद मोकळे होते. आय डिड नॉट सी. तिने पाहिले नव्हते, मावसभावाकडून ऐकले होते. आय हर्ड इट फ्रॉम माय कझिन.

दुसऱ्या दिवशी मावसभाऊ हजर झाला. दहावीतला मुलगा. त्याचे इंग्रजी सर्वांत चांगले निघाले : "आय वॉज वॉकिंग होम. समथिंग मूव्ड. आय रॅन. व्हेन आय लुक्ड बॅक, इट हॅड व्हॅनिश्ट." चार वाक्यांत तीन काळ! वॉज वॉकिंग म्हणजे चालू असलेली क्रिया. ती लांब रस्त्यासारखी पसरलेली असते, आणि मूव्ड, रॅन या घटना तिला मध्येच छेदतात. शेवटचे हॅड व्हॅनिश्ट मात्र नीट बघा. 'इट व्हॅनिश्ट' म्हटले असते तर मी वळलो आणि मग ते नाहीसे झाले, असा अर्थ झाला असता. हॅड आले म्हणजे मी वळण्याआधीच ते गेलेले होते. म्हणजे वळल्यावर त्याने काहीच पाहिले नाही. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हे हॅड फार सोयीचे पडते.

"व्हॉट मूव्ड?" मी विचारले.

"आय डोन्ट नो. देअर वॉज नो लाइट."

वर्ग सुटल्यावर ती मुलगी मागे थांबली. मराठीतच बोलली. खांबावरचा दिवा जूनपासून बंद होता. झाडाखालच्या अंधारात काही मुले बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना बोलायची. घरी सांगितले तर वर्गच बंद होईल, या धाकाने तिने भूत पुढे केले होते. हे मी तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने लिहिते आहे. आईला आम्ही दोघींनी मिळून सांगितले. आई घरकामे करून सातला परतते. ती एवढेच म्हणाली, "भूत म्हटलीस म्हणून मी लिंबू उतरवलं. खरं बोलली असतीस तर चप्पल घेऊन गेले असते."

मग आमचा पुढचा धडा म्हणजे दिव्याचा अर्ज. मुलांनी आधी लिहिले, 'द लाइट इज नॉट वर्किंग सिन्स जून.' आपण 'जूनपासून बंद आहे' म्हणतो, त्याचे हे सरळ भाषांतर, आणि ते चुकते. तेव्हा सुरू झालेले अजून चालूच असेल तर इंग्रजीला हॅज लागतो : द लाइट हॅज नॉट वर्क्ड सिन्स जून. सुरुवात सांगायची तर सिन्स, मुदत सांगायची तर फॉर. सिन्स जून, फॉर थ्री मंथ्स. महिनाभरात उत्तर आले नाही, म्हणून दुसरा अर्ज : वुई रोट टू यू ऑन द टेन्थ ऑफ सप्टेंबर. द लाइट हॅज नॉट बीन रिपेअर्ड यट. तारीख आहे म्हणून रोट. यट म्हणजे अजून, म्हणून हॅज. मराठी अर्जही सोबत जोडला, कारण वाचणाऱ्याला आमचे काळ समजतीलच असे नाही. तोवर तीन आया पाळीपाळीने पोरींना पोचवायला येत होत्या. दुसऱ्या अर्जानंतर दिवा लागला. बसणारी मुले उजेडात दोन दिवस दिसली, मग दिसली नाहीत.

आईबाबांनो, इंग्रजी येत नसले तरी हा सराव तुम्हाला घेता येईल. मुलाने काही सांगितले की मराठीतच विचारा : तू पाहिलंस, की पाहिलं आहे असं कुणी सांगितलं? कधी? तेव्हा तू काय करत होतास? मग तीच उत्तरे त्याला इंग्रजीत लिहायला लावा. रागावून मात्र विचारू नका.

पुढच्या अंकापर्यंत ही पाच वाक्ये इंग्रजीत करा. मी दार उघडत होते, तेवढ्यात घुबड ओरडले. आम्ही पोचलो तेव्हा सगळे पळून गेले होते. तू कधी भूत पाहिले आहेस का? काल रात्री मी काहीही पाहिले नाही. चार दिवसांपासून नळाला पाणी नाही.