स्थूल माणसाची पोटदुखी

मैत्रिणींनो, घरातलं कुणी फार स्थूल असलं आणि त्याचं पोट दुखू लागलं, की आपण चटकन म्हणतो, "गॅस झाला असेल, ओव्याची फक्की मार!" इथंच घोटाळा होतो. अपेंडिक्सचं दुखणं वाढलं, की एरवी पोट हाताला कडक लागतं. पण चरबीचा थर जाड असेल, तर ते डॉक्टरांनाही नीट कळत नाही. बेंबीजवळचा हर्नियाही लपून राहतो. सोनोग्राफीचं चित्र धूसर येतं. मग सीटी स्कॅन उपयोगी पडतो. मात्र त्या टेबलाला वजनाची मर्यादा असते, म्हणून वजन आधीच सांगावं.

घरी काय पाहावं? स्वस्थ पडूनही नाडी मिनिटाला १०० च्या वर, ताप, वारंवार उलट्या, वारा न सरणं, तासन्‌तास न थांबणारी कळ. यातलं एक जरी दिसलं, तरी एरंडेल देऊ नका, काही खाऊ घालू नका. तडक दवाखाना गाठा. पाळी चुकली असेल, तर तेही सांगा.

आणि कळवळणाऱ्या बाईला "आधी वजन उतरव" असं मुळीच ऐकवू नका. वजनाचं मागाहून बघता येतं!